बाईंची बॅटरी

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर मला अडवून त्यांनी विचारलं, "मोबाइल चार्जिंगला लावून उशीखाली ठेवता का?"

मी तेव्हा लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसात नव्यानेच लागलो होतो. गोड बोलायची नोकरी. दिवसभर थापा मारायची सवयच होती, पण हा प्रश्न इतका आडवा आला की तोंडातून खरं निघून गेलं. म्हटलं, "हो, कधी कधी."

"मग खोली मिळणार नाही," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी तसाच उभा. जावं की थांबावं कळेना. थोड्या वेळाने त्या एक लाकडी फळी, मूठभर खिळे आणि हातोडी घेऊन परत आल्या. "खिडकीशेजारी ही ठोकून घ्या. मोबाइल चार्ज करायचा तो हिच्यावर. उघडा, हवेशीर आणि अंगापासून लांब. ठोकून झालं की चहाला खाली या, भाड्याचं मग बोलू." अशा रीतीने मी त्यांचा भाडेकरू झालो. लोणावळा सोडून मला आता बरीच वर्षं झाली, पण उशीखाली मोबाइल ठेवायची अजून हिंमत होत नाही.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. माझ्यासारख्याला टेलिफोन एक्स्चेंज म्हटलं की कानाला हेडफोन लावून "नंबर प्लीज" म्हणणारी मुलगी आठवते. बाईंना हे कुणी बोलून दाखवलं की त्यांचा पारा चढायचा. त्या ऑपरेटर नव्हत्या, त्या टेक्निशियन होत्या, आणि त्यातही बॅटरी रूमच्या. गावची वीज गेली तरी फोन का चालायचा, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच कधी पडला नाही. तो चालायचा, कारण एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत रांगेने बॅटऱ्या ठेवलेल्या असत आणि त्या खोलीची किल्ली बाईंच्या कमरेला असे. तेव्हाच्या त्या उघड्या बॅटऱ्या. त्यांना पाणी पाजायचं, त्यांचं आम्ल काचेच्या नळीने मोजायचं, वर आलेली पांढरी बुरशी पुसून काढायची. बाईंच्या त्या काळातल्या सगळ्या साड्यांना पदराशी बारीक बारीक भोकं होती. त्या साड्या त्यांनी टाकल्या नव्हत्या. पाहुण्यांना दाखवायच्या, लग्नातला शालू दाखवावा तशा.

मग सीलबंद बॅटऱ्या आल्या. पाणी घालायचं नाही, आम्ल मोजायचं नाही, झाकणच नाही. साहेब लोक म्हणाले, आता बॅटरी रूमला माणूस कशाला? ह्या मेंटेनन्स फ्री आहेत. हे दोन शब्द बाईंच्या इतके वर्मी लागले होते की निवृत्तीनंतरही त्यांचा राग गेला नव्हता. "मेंटेनन्स फ्री म्हणे! हात लावायची गरज नाही याचा अर्थ बघायचीही गरज नाही असा होतो का हो? उघडीचं बरं होतं. जास्त भरली तर पाणी उडायचं, आपण परत ओतायचो. हिला तोंडच ठेवलेलं नाही. आतलं पाणी एकदा गेलं की गेलं. म्हणून तर हिच्याकडे जास्त बघायला पाहिजे."

आणि बाई बघायच्या. स्वतःच्या घरचीच नव्हे, अख्ख्या लोणावळ्याची बॅटरी बघायच्या. गावात बंगल्याबंगल्यावर सौर पॅनेल लागायला सुरुवात झाली होती. मालक मुंबईला, पॅनेल छपरावर आणि बॅटरी कुठल्या तरी अडगळीत. बाईंना कुणी बोलावत नसे. त्या फिरायला म्हणून निघायच्या, फाटकाशी थांबून रखवालदाराशी पावसापाण्याचं बोलायच्या आणि हळूच विचारायच्या, "बॅटरी कुठे ठेवलीय रे?" एवढ्या गरीब चेहऱ्याने विचारायच्या की रखवालदार त्यांना आत घेऊन जायचा. आत गेल्यावर मात्र गरीब चेहरा बाहेरच राहायचा.

आधी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकायच्या. बॅटरीच्या दोन टोकांवर धातू आडवा पडला तर काय होतं, याचं वर्णन त्या इतक्या रंगवून करायच्या की मी त्यांच्यासोबत असलो की घड्याळसुद्धा काढून ठेवायचो. मग ताप बघतात तसा उलटा हात बॅटरीच्या अंगाला लावायच्या. मग तिच्या कुशी बघायच्या, फुगल्यात का. मग वास घ्यायच्या. सडक्या अंड्यासारखा वास आला की आधी खिडक्या उघडायच्या आणि मग रखवालदारावर ओरडायच्या, हा क्रम कधी चुकला नाही. पर्समध्ये सुपारीच्या डबीशेजारी त्यांचा मीटर, एक लहान थर्मामीटर आणि एक पाना असे. पान्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळलेली.

एकदा तुंगार्लीतल्या एका बंगल्यात हळदीकुंकवाला गेल्या. मी त्यांना गाडीवरून सोडायला गेलो होतो. माझी मोटारसायकल होती, हे माझं भाडेकरू म्हणून सगळ्यात मोठं क्वालिफिकेशन असावं असं मला पुढे वाटायला लागलं. घरातल्या बॅटऱ्या चपलांच्या कपाटात होत्या. नवं, छान, घट्ट बसणाऱ्या दाराचं कपाट. बाईंनी वाण घेतलं, अत्तर लावून घेतलं, तिळगूळ घेतला, आणि चपला घालायला म्हणून जे खाली बसल्या ते उठल्याच नाहीत. घरच्या बाई बघायला आल्या तेव्हा कपाटाचं एक दार भिंतीला टेकवून उभं होतं आणि दुसऱ्या दाराचे स्क्रू काढणं चाललं होतं.

"अहो, हे काय करताय?"

"सीलबंद असली तरी हिला एक झडप असते," बाई मान वर न करता म्हणाल्या. "जास्त भरली गेली की त्यातून गॅस सोडते. तो पेट घेणारा असतो. कपाट बंद, चार पावलांवर तुमचं देवघर, देवघरात समई. मी नुसतंच हळदीकुंकू घेऊन कशी जाऊ?"

त्या घराने बाईंना पुन्हा हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पण पुढे कधीतरी मी तिथून जाताना पाहिलं, कपाटाला लोखंडी जाळीची दारं लागली होती.

दसऱ्याला लोक हत्यारं पुजतात, गाड्या पुजतात. बाई बॅटरी पुजायच्या. झेंडूची माळ, गंध, सगळं साग्रसंगीत. फक्त बॅटरीच्या खोलीत ज्योत न्यायची नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे निरांजनाच्या जागी ताम्हनात टॉर्च असायची. ताम्हन फिरवत, टॉर्चचा उजेड भिंतीवर गोल गोल नाचवत त्या गंभीरपणे आरती म्हणायच्या. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. दुसऱ्या वर्षी मी टाळ्या वाजवायला लागलो होतो.

मला त्यांच्याविषयी जे कुतूहल होतं ते विक्षिप्तपणाचं नव्हतं. विक्षिप्त माणसं रिसॉर्टमध्ये रोज बघायचो. मला कळत नव्हतं ते हे की एखाद्या माणसाला एका काळ्या चौकोनी डब्यात एवढं काय दिसतं? माझा अंदाज असा की एक्स्चेंजमध्ये कधी काही भयंकर घडलं असणार, स्फोट वगैरे, आणि ते यांच्या मनात घर करून बसलं असणार. एकदा चहा पिताना धीर करून विचारलंच. "स्फोट कसा होईल? मी होते ना तिथे," बाई म्हणाल्या. मग म्हणे, "तुम्हाला क्रिकेट आवडतं, तुम्ही विचारता का स्वतःला का आवडतं ते? मला बॅटरी आवडते. गप्प असते बिचारी. तिला काय होतंय ते आपण ओळखायचं."

भरायची कशी, हे त्या कळशीवर समजावायच्या. अरुंद गळ्याची कळशी नळाखाली ठेवायची. रिकामी असताना नळ चांगला सोडायचा, पण फुल सोडायचा नाही, कळशी कलंडते. गळ्याशी पाणी आलं की नळ बारीक करायचा आणि उरलेली जागा सावकाश भरू द्यायची. भरली की नुसती थेंबथेंब धार, उडालेलं तेवढं भरून निघण्यापुरती. "पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये जो डबा बसवतात, कंट्रोलर, तो म्हणजे नळावरचा हात. आता तो हात कुणाचा आहे ते बघायला नको? त्याला आपण सांगावं लागतं की बाबा, कळशी सीलबंद आहे. नाही सांगितलं तर तो उघड्या बॅटरीच्या हिशेबाने ओतत बसतो. आणि गरमीत आणखी हात आखडता घ्यायचा. तापलेल्या बॅटरीला दाब कमी लागतो, गारठलेलीला जरा जास्त." असं सांगता सांगता त्यांची कळशी खरोखर भरून वाहायला लागायची आणि मोरीत पाणीच पाणी व्हायचं.

याच कळशीच्या धड्याला एक कायमची विद्यार्थिनी होती. तिला सगळे मावशी म्हणत, बाईसुद्धा. वयाने दोघी बरोबरीच्याच असतील. मावशी घाटमाथ्यावरच्या एका वाडीतली. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, पावसाळ्यात रानभाजी, असं डोक्यावरच्या पाटीत घालून लोणावळ्यात विकायला यायची. शेवटचं दार बाईंचं. पाटी उतरवून ओट्यावर बसायची आणि श्वास खाली बसेपर्यंत काही बोलायची नाही. मावशीला दमा होता. जुना, चिवट. पावसाळ्यात धुकं घरात शिरलं की तिचे हाल व्हायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला औषधाची वाफ घ्यायचं मशीन घ्यायला सांगितलं आणि मावशीच्या लेकाने ते आणलंही. पण मशीनला लागते वीज, आणि वाडीवर पावसाळ्यात वीज जाते ती दिवसचे दिवस येत नाही.

हा लेक एका बंगल्यावर माळी होता. मालकाने बंगला विकताना छपरावरचा जुना सौर संच त्यालाच देऊन टाकला. एक पॅनेल, एक कंट्रोलर, एक सीलबंद बॅटरी आणि बॅटरीच्या विजेवर घरची उपकरणं चालवणारा लहानसा इन्व्हर्टर. गावातल्या कुणा वायरमनने वाडीवर नेऊन तो बसवून दिला. मावशी बाईंच्या ओट्यावर बसून आनंदाने सांगत होती, "आता आमच्यात बी हाय तुमच्यासारकी बॅटरी. वाफंचं मशीन लय झ्याक चालतंय."

"कुठे ठेवलीस?" बाईंनी विचारलं. दुसरं काय विचारणार!

"हाय की. चांगली जपून ठिवलीया. एकदम कोरडी."

पौषातली ती सकाळ होती, पावसाळ्यानंतर मावशी पहिल्यांदाच उतरली होती, हवा कोरडी, ऊन कडक. कोरडी ठेवलीय हे ऐकून कुणीही खूश झालं असतं. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला हाक मारली, "गाडी काढा."

रस्ता संपतो तिथे गाडी लावून आम्ही वाडीवर चालत गेलो. मावशी पुढे, बाई मध्ये, पर्स छातीशी धरून. कंट्रोलर घराच्या बाहेरच्या भिंतीवर होता, सावलीच्या बाजूला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि चुकचुकल्या. कंट्रोलरची सेटिंग उघड्या बॅटरीचीच होती. ती त्यांनी बदलली. मग आत गेलो. आत चूल पेटलेली, भाकरी चाललेल्या. बॅटरी कुठेच दिसेना.

"त्ये काय," मावशी वर बोट करून म्हणाली.

ज्यांनी मावळातला पाऊस काढलाय त्यांना हे समजेल. चार महिने घरात कोरडं असं काही राहत नाही. काड्यापेटी ओली, अंथरूण ओलं, मीठ पाणी सोडतं. घरात एकच कोरडी जागा, चुलीच्या वरचा माळा. बियाणं तिथे, सरपण तिथे, घोंगड्या तिथे, पोरांची दप्तरंही तिथेच. जे जपायचं ते चुलीवर, ही तिथली पिढ्यांची रीत. पावसाळ्यात आलेली बॅटरीही साहजिकच वर गेली होती आणि पाऊस सरला तरी तिथेच राहिली होती, बियाण्याच्या मडक्यांच्या ओळीत, धुराने तांबूस झालेली.

लेकाने ती खाली काढली तेव्हा तिच्या दोन्ही कुशी टम्म फुगल्या होत्या. बाईंनी उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्या ओरडल्या नाहीत. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, बाहेरच्या गार भिंतीवरच्या कंट्रोलरकडे बघितलं, आत चुलीकडे बघितलं, पुन्हा बाहेर बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा भाव आला.

"अहो, हा कंट्रोलर गारठा ओळखतो. पण स्वतःच्या अंगचा! तो इथे थंडीत कुडकुडतोय, त्याला वाटतं बॅटरीपण कुडकुडतेय, म्हणून आणखी दाबून भरतोय. आणि ती बसलीय चुलीवर भाजत." त्या जवळजवळ खूश होत्या. "असं मी कधीच पाहिलं नव्हतं."

लेक म्हणाला, "पर दिवं लागत्यात की बाई. मशीन बी चालतंय. ऱ्हाऊ द्या थोडं दिस."

"नाही. ही आत्ता सुटणार. ही कधी फुटेल किंवा पेटेल सांगता येत नाही, आणि खाली तुझी बायको भाकरी करते." बाईंनी बांगड्या काढल्या आणि तारा सोडवल्या. ती बॅटरी त्यांनी अंगणात एका बाजूला ठेवायला लावली, पुढे ती भंगारवाल्याकडे न देता बॅटरीच्या दुकानात परत पाठवली.

मग घरातले सगळे मावशीकडे बघायला लागले. आता मशीन कशावर चालणार? मावशी म्हणाली, "आसू द्या. थंडीत मला येवढं न्हाई व्हत." ती पदर सारखा करत होती. तिला काळजी पावसाळ्याची होती, हे न सांगता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या घरची बॅटरी उतरवली. तिच्यावर त्यांच्या घरातले दिवे चालत, त्यांचा रेडिओ चाले, आणि ती त्यांनी अशी सांभाळली होती की दुकानदार इतर गिऱ्हाइकांना तिचं उदाहरण द्यायचा. मी म्हटलं, "बाई, नवी घेऊन देऊ ना कुणाकडून तरी." त्या म्हणाल्या, "नवीची नाटकं मला माहीत नाहीत. ही ओळखीची आहे." लेकाने ती गोणपाटात बांधून पाठीवर घेतली.

ठेवायची कुठे यावर वाडीवर दोघींची खडाजंगी झाली. बाई म्हणत, चुलीपासून लांब, हवेशीर. मावशी म्हणे, "खाली ठिवली तर वल लागल. भितीला ठिवली तर वाळवी. बाहेर ठिवली तर माकडं." बाई थर्मामीटर घेऊन घरभर हिंडल्या. मावशी त्यांच्या मागे, प्रत्येक जागेला एक एक संकट सांगत. शेवटी दोघी पडवीत कोंबड्यांच्या फळीपाशी येऊन थांबल्या. जमिनीपासून उंच, वरून वळचण, बाजूला पट्ट्यापट्ट्यांचं कूड, वारा आरपार. कोंबड्या बसतात तिथे ओल नसते हे मावशीला माहीत होतं, आणि थर्मामीटर बाईंना म्हणाला, ठीक आहे. कोंबड्यांची डालगी हलली, बॅटरी बसली. कंट्रोलरही बाईंनी तिच्या शेजारीच आणून लावला, दोघांना एकच हवा लागावी म्हणून.

मग नियम. बाईंनी बॅटरीवर एक काट्याचा मीटर बसवला आणि मावशीच्या सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून घेऊन त्याच्या काचेवर रेघ मारली. "काटा या रेघेखाली गेला की सगळं बंद. अर्ध्याच्या खाली उपसलीस की हिचं आयुष्य तेवढं कमी झालं म्हणून समज. ही माझी घरची बॅटरी आहे मावशी, जिवापाड सांभाळलीय. तशीच सांभाळ."

"व्हय बाई. माज्या डोळ्यापुडंच ऱ्हाईल," मावशी म्हणाली.

त्यानंतर करवंदांची पाटी घेऊन मावशी आली की बाई आधी बॅटरीचं विचारायच्या. काटा कुठे असतो, हात लावून बघतेस का, कोंबड्या वर चढत नाहीत ना. मावशी सगळं नीट सांगायची. पाहुण्याच्या पोराचं कौतुक सांगावं तशी सांगायची. बाई समाधानाने मान हलवायच्या. मावशीला तब्येतीचं विचारायचं राहूनच जायचं.

आषाढात धुकं उतरलं आणि हलेचना. लोणावळ्यात समोरच्या बंगल्याचं फाटक दिसत नव्हतं. वाडीकडच्या लाइनवर कुठेतरी झाड पडलं होतं, वीज कधी येईल कुणी सांगत नव्हतं. मावशी बरेच दिवस उतरली नव्हती. बाई खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होत्या. "सूर्य नाही म्हणजे पॅनेल काही देत नसणार. माझी बॅटरी उपाशी असणार हो. अशी अर्धवट भरलेली फार दिवस ठेवली तरी ती आतून क्षार धरते. निदान बघून तरी येऊ." मी रिसॉर्टमध्ये खोटं कारण सांगितलं आणि गाडी काढली.

दुपारीसुद्धा दिवा लावून जावं लागत होतं. वाडीवर पोचलो तेव्हा घरात अंधार होता. सून दारात उभी. आम्हाला बघून तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. ती काही बोलायच्या आत बाई पडवीत शिरल्या होत्या, सरळ फळीपाशी. बॅटरीवर धूळ नाही, टोकं स्वच्छ, वर कोरडं गोणपाट टाकलेलं. मीटरचा काटा नेलपॉलिशच्या रेघेच्या केसभर खाली होता. बाईंनी उलटा हात तिच्या अंगाला लावला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "काय राखलीय!"

आणि मग त्यांना तो आवाज ऐकू आला. मला आधीच आला होता, पण तो माणसाचा आहे हे कळायला मलाही क्षण लागला. पडवीच्या आतल्या कोपऱ्यात मावशी बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर ओढलेले, गळ्याशी खड्डा पडत होता. प्रत्येक श्वासाला शीळ. ओठ सुकून निळसर पडलेले. तिच्यासमोर वाफेचं मशीन होतं, पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून ठेवलेलं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"सकाळधरनं," सून म्हणाली. "त्ये गाडी बगाया खाली गेल्यात, दवाखान्यात न्यायाला. दिवं बी आमी परवाधरनं लावलं न्हाईत, काटा खाली जायाचा म्हनून. पर आज गेलाच. लाल रेघंच्या खाली गेला की समदं बंद, आसं तुमीच सांगितलं व्हतं न्हवं? मी म्हनलं आत्याबाई घ्या वाफ, तर मला हात लावू देत्याल तर शपथ."

बाईंनी पिशवीची गाठ सोडवली नाही, दाताने फाडली. बांगड्या हातातच होत्या. मला म्हणाल्या, "लावा. बघता काय? लावा!" मी इन्व्हर्टर चालू केला. बाईंनी औषधाची कुपी मोडून मशीनमध्ये ओतली, थोडी बाहेर सांडली, मास्क मावशीच्या तोंडावर धरला. मशीन घरघरायला लागलं. पांढरी वाफ निघाली. मावशीने डोळ्यांनी मीटरकडे खूण केली. ती मास्कखालून काहीतरी सांगू बघत होती.

"गप्प बस. श्वास घे," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. मी बाईंना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या रडू शकतात असंही मला वाटलं नव्हतं. काटा रेघेपासून खाली खाली सरकत होता. तिकडे बघणारा तिथे मी एकटाच होतो.

एक कुपी संपली. थोडं थांबून, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे सुनेने दुसरी दिली. हळूहळू शीळ मऊ पडली. मावशीचे खांदे खाली आले. गळ्याशी पडणारा खड्डा दिसेनासा झाला. तिने मास्क बाजूला केला आणि कुडाला पाठ टेकली. खालच्या वाटेने माणसांचे आवाज येत होते, लेकाला गाडी मिळाली होती.

"मावशी," बाई म्हणाल्या, "तू मेली असतीस ना गं. एका बॅटरीपायी."

"तुमची हाय नव्हं ती," मावशी म्हणाली. प्रत्येक दोन शब्दांनंतर ती थांबत होती. "दुसऱ्याची वस्तू. तुमी येवढी जपलेली. माज्या हातनं खराब झाली आस्ती, तर तुमाला काय त्वांड दावलं आसतं?"

"अगं, ती तुझी आहे. तुला दिली होती मी. त्याच दिवशी. परत थोडीच मागणार होते?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग बॅटरीकडे बघितलं. मग पुन्हा बाईंकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, साधं आश्चर्य होतं.

"मंग आदी सांगायचं न्हाई का, बाई?" ती म्हणाली. "मी सकाळीच घेतली आसती की वाफ."